विकतची माती टाकूनही लॉन दर पावसाळ्यात पिवळे पडते: कारणे आणि दुरुस्ती

सांगली, मिरज, कऱ्हाड आणि सातारा येथील नव्या वसाहतींमध्ये घराभोवतीच्या लॉनविषयी एक तक्रार दरवर्षी जवळजवळ त्याच क्रमाने ऐकू येते. उन्हाळ्याच्या अखेरीस दोन-तीन ट्रॉल्या तांबडी माती आणून पसरली जाते, तिच्यावर गवताचे चौकोन बसवले जातात, जून-जुलैत सगळे हिरवेगार दिसते आणि ऑगस्टच्या मध्यापासून गवत ठिकठिकाणी पिवळे पडू लागते. युरिया टाकला की काही दिवस रंग सुधारतो आणि पुन्हा उतरतो. दिवाळीनंतर त्या जागा उघड्या पडतात, मार्चमध्ये तेथील जमीन टणक होते आणि मे महिन्यात ‘माती चांगली नव्हती’ असा निष्कर्ष काढून आणखी एक ट्रॉली मागवली जाते. नवी माती जुन्या थरावर पडते आणि पुढच्या पावसाळ्यात हाच क्रम पुन्हा सुरू होतो.

आणलेली माती खरोखर निकृष्ट असते अशी उदाहरणे आहेतच, आणि ती ओळखावी कशी हे पुढे दिले आहे. परंतु दरवर्षी त्याच महिन्यांत आणि त्याच जागी परत येणारा पिवळेपणा बहुतेक वेळा मातीच्या दर्जातून येत नाही. तो नव्या आणि जुन्या मातीच्या सांध्यातून येतो. हा सांधा मोडल्याशिवाय वरून कितीही माती, खत किंवा औषध टाकले तरी तक्रार कायम राहते. म्हणून नवी ट्रॉली मागवण्याआधी खाली काय आहे ते पाहणे आवश्यक आहे.

आधी खणून पाहावे

पिवळ्या पडलेल्या भागात एक आणि चांगल्या भागात एक, असे साधारण एक फूट लांबी-रुंदीचे आणि दीड फूट खोल दोन खड्डे घ्यावेत. गवताचा वरचा तुकडा फावड्याने अखंड काढून बाजूला ओल्या गोणपाटावर ठेवला तर तो नंतर पुन्हा बसवता येतो. खड्ड्याची एक बाजू सुरीने किंवा खुरप्याने सरळ तासून घ्यावी आणि तीन गोष्टी नीट पाहाव्यात: रंगांची सीमा किती इंचांवर आहे, मुळे कोठपर्यंत गेली आहेत आणि सीमेजवळच्या मातीला वास कसा येतो.

सांध्याचा दोष असेल तर चार-सहा इंचांवर तांबडी माती संपून काळी माती सुरू झाल्याची रेघ स्पष्ट दिसते, गवताची मुळे त्या रेघेपर्यंत उतरून तेथून आडवी वळलेली असतात आणि सीमेलगतची माती करडी किंवा निळसर, चिकट आणि कुजकट वासाची असते. त्याच रेघेवर अनेकदा सिमेंटच्या मिश्रणाचे कपचे, विटांचे तुकडे, वाळूचे पट्टे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्याही निघतात, कारण बांधकाम संपल्यावर राडारोडा न उचलता त्यावरच माती पसरण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे.

आता त्याच खड्ड्यात पाणी भरावे. पहिले पाणी कोरड्या मातीत लवकर जिरते, म्हणून त्यावरून निष्कर्ष काढू नये. ते पूर्ण जिरू द्यावे, पुन्हा भरावे आणि दुसऱ्या भरणीची पातळी तासाला किती उतरते ते पट्टीने मोजावे. तासाला एक इंच किंवा अधिक उतरत असेल तर निचरा समाधानकारक आहे. अर्ध्या इंचाहून कमी उतरत असेल तर बागेचा मुख्य प्रश्न सापडला असे समजावे, मग वरची माती कितीही उत्तम असो. ही मोजणी भर पावसात करू नये, कारण तेव्हा आजूबाजूचे पाणीही खड्ड्यात झिरपत असते.

सांध्यावर पाणी का अडते

कृष्णाकाठच्या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते आणि ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. मोकळ्या शेतात भेगा, मुळे आणि गांडुळांची बिळे यांमुळे या मातीतूनही पाणी उतरते. घराच्या आवारात मात्र बांधकामाच्या काळात तिच्यावरून ट्रॅक्टर, मिक्सर आणि विटांच्या गाड्या फिरलेल्या असतात, तेही बरेचदा ती ओली असताना. ओल्या चिकणमातीवर असा भार पडला की तिच्यातील मोठी छिद्रे मिटतात आणि पृष्ठभागाखाली एक घट्ट, जवळजवळ अभेद्य थर तयार होतो. त्यावर सैल तांबडी माती टाकली की पावसाचे पाणी वरच्या थरातून झटकन उतरते आणि खालच्या थरावर येऊन थांबते. वरून पाहणाऱ्याला डबके दिसत नाही, म्हणून निचरा चांगला आहे असा समज होतो. प्रत्यक्षात मुळे दिवसेंदिवस पाण्यात बुडालेली असतात.

मुळांना श्वसनासाठी हवा लागते आणि पाण्याने भरलेल्या छिद्रांत ती राहत नाही. त्याशिवाय हवा नसलेल्या मातीतील जिवाणू नायट्रेटचे रूपांतर वायूत करतात आणि नत्र मातीतून उडून जाते. गवत पिवळे पडते ते या दुहेरी कारणाने, आणि युरिया दिल्यावर काही दिवस हिरवेपणा येऊन पुन्हा जातो त्याचे स्पष्टीकरणही येथेच मिळते: दिलेले नत्र त्याच वाटेने निघून जाते. उन्हाळ्यात याच्या उलट घडते. मुळे वरच्या चार-सहा इंचांतच अडकलेली असल्यामुळे खाली साठलेला ओलावा त्यांना मिळत नाही आणि रोज पाणी देऊनही दुपारी गवत करपल्यासारखे दिसते.

सातारा शहराच्या चढावरील भागांत आणि डोंगरपायथ्याच्या प्लॉटवर बहुधा वेगळी रचना आढळते. तेथे खाली मुरूम असतो आणि त्यावर गाळाची किंवा काळी माती आणून टाकलेली असते. खाली मुरूम म्हणजे निचरा उत्तम, असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु बारीक कणांच्या मातीखाली भरड थर आला की पाणी सीमेवर अडते. बारीक छिद्रे पाणी घट्ट धरून ठेवतात आणि वरची माती जवळजवळ पूर्ण भिजेपर्यंत ते खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. वरचा थर एक फुटाचा असेल तर त्याचा फक्त तळ ओलाचिंब राहतो आणि गवत तग धरते. तोच थर चार इंचांचा असेल तर मुळांची सगळी जागाच ओलीचिंब होते.

याच कारणाने लॉनच्या मातीखाली खडीचा किंवा वाळूचा अखंड थर अंथरण्याचा सल्ला चुकीचा आहे, आणि तो मोठ्या आत्मविश्वासाने दिला जातो म्हणून येथे ठामपणे नोंदवतो. खडीचा उपयोग होतो, पण तो चरात आणि पाणी बाहेर पडण्याची वाट असेल तेव्हाच. वाट नसलेली खडी मातीखाली आणखी एक सांधा निर्माण करते.

उभ्या लॉनची दुरुस्ती

लॉनचा निम्म्याहून अधिक भाग चांगला असेल तर सर्व उपटण्याची गरज नाही. मात्र कोणतेही काम जमीन वाफशावर असतानाच करावे: मूठभर माती दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने ढकलल्यावर तो फुटावा. गोळा चिकट राहिला तर थांबावे. काळ्या मातीत वाफशाचे दिवस थोडेच मिळतात, आणि घाई करून ओल्या जमिनीत पहार चालवली तर भोकाच्या बाजू लिंपल्यासारख्या गुळगुळीत होऊन निचरा उलट बिघडतो.

पहिले काम वरून येणारे पाणी वळवण्याचे. गच्चीच्या आणि पत्र्याच्या पन्हाळीचे पाणी लॉनवर सोडलेले असेल तर ते पाइपने बाहेर काढावे. पुष्कळ बागांत एवढ्यानेच निम्मा प्रश्न सुटतो. त्यानंतर उतार पाहावा. दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणून पाण्याच्या नळीने पातळी घेतली की उतार कळतो. घराकडून बाहेरच्या दिशेला दर दहा फुटांमागे सव्वा ते अडीच इंच उतार पुरेसा असतो, आणि तो वरच्या मातीइतकाच खालच्या घट्ट थरालाही असावा. खालचा थर मध्यभागी खोलगट असेल तर वरची पातळी कितीही सुबक केली तरी पाणी त्या खोलगटातच जमते.

निचऱ्याला वाट देण्यासाठी सर्वांत खालच्या कडेने दीड फूट खोल आणि सुमारे नऊ इंच रुंद चर खणावा, त्याच्या तळाशी उतार द्यावा, गाळणीचे कापड अंथरून सच्छिद्र पाइप टाकावा, भोवती खडी भरावी आणि पाइपचे तोंड बाहेरच्या गटारात किंवा शोषखड्ड्यात काढावे. वाळवा, पलूस आणि मिरज तालुक्यांतील क्षारपड जमिनींत शेतकरी जमिनीखालून निचरा पाइप घालतात. घरगुती बागेसाठी हीच पद्धत लहान प्रमाणात वापरायची आहे. शोषखड्डा घेणार असल्यास तो मुरमात उतरला पाहिजे, कारण काळ्या मातीतच संपणारा खड्डा पावसाळ्यात भरून राहतो.

चर झाल्यावर पहारीने दीड-दोन फुटांच्या अंतरावर सांध्याच्या खाली किमान पाच-सहा इंच जातील अशी भोके पाडावीत आणि ती पूर्ण कुजलेले, चाळलेले कंपोस्ट व वरचीच माती समप्रमाणात मिसळून भरावीत. बाजारात मिळणाऱ्या खिळ्यांच्या चपला किंवा हलके काटेरी रोलर दोन इंचांपलीकडे जात नाहीत, त्यामुळे पाच इंचांवर असलेल्या सांध्याला त्यांचा काहीच उपयोग नाही. ही भोके मुळांना खाली जाण्याची वाट देतात, आणि पुढील दोन-तीन हंगामांत मुळांनी केलेली छिद्रे हाच टिकाऊ निचरा ठरतो. चर नसताना केवळ भोके पाडली तर ती पाण्याने भरून राहतात, म्हणून हा क्रम उलटा करू नये.

वरून मातीचा हात द्यायचा असेल तर एका वेळी पाव इंचाहून जाड थर देऊ नये आणि गवताची टोके उघडी राहिली पाहिजेत. एक हजार चौरस फुटांना पाव इंच थरासाठी सुमारे २१ घनफूट, म्हणजे ब्रासचा (१०० घनफूट) सुमारे एक पंचमांश भाग लागतो. यासाठी पूर्ण ट्रॉली मागवण्याचे कारण नाही. ही माती आधीच्या वरच्या थराच्याच जातीची असावी, अन्यथा आणखी एक सांधा तयार होतो. ज्या बागांत दरवर्षी वेगवेगळ्या ठिकाणची माती पडली आहे, तेथे खड्ड्याच्या कडेला तीन-चार रंगांचे पट्टे एकावर एक दिसतात, आणि अशा बागेत सर्व काढून पुन्हा मिसळण्यावाचून उपाय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिवळेपणा सांध्यामुळे नसेल तर

मुळे खोल गेली आहेत, पाणी जिरते आहे आणि तरीही गवत पिवळे आहे, असे आढळल्यास पानांकडे पाहावे. नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता समजावी. पाया किंवा विहीर खणून काढलेल्या खालच्या मातीत चुनखडी असते. तिचा सामू (पीएच) ८ च्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो आणि लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाकून बुडबुडे येतात का ते पाहावे; आले तर मातीत चुनखडी आहे. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून संध्याकाळी फवारल्यास आठवड्याभरात रंग सुधारतो, परंतु हा उपाय तात्पुरता आहे, आणि फरशीवर द्रावण पडल्यास तांबूस डाग पडतात. मातीतून लोह द्यायचे असेल तर चुनखडीच्या जमिनीत साध्या ईडीटीए चिलेटपेक्षा (चिलेट म्हणजे लोह विरघळलेले ठेवणारे संयुग) ईडीडीएचए प्रकारचे चिलेट टिकते. सर्वच पाने, विशेषतः जुनी, एकसारखी फिकट असतील तर ती नत्राची कमतरता असते.

पाणी वाळल्यावर पृष्ठभागावर पांढरी पापुद्र्यासारखी पूड उमटत असेल तर क्षारांचा प्रश्न आहे. तो मातीबरोबर आलेला असतो किंवा बोअरच्या पाण्यातून वाढत गेलेला असतो, म्हणून माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्यावे. प्रयोगशाळेत एक भाग माती आणि अडीच भाग पाणी या प्रमाणात मोजलेली विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचे माप, एक डेसीसायमन प्रति मीटरच्या आत असावी. केवळ क्षार वाढले असतील तर चांगला निचरा आणि गोड्या पाण्याची भरपूर पाळी हाच उपाय आहे. सामू ८.५ च्या वर गेला असेल, माती ओली असताना साबणासारखी निसरडी आणि वाळल्यावर दगडासारखी होत असेल, तर ती चोपण होत आहे. तेथे विनिमययोग्य (मातीच्या कणांना धरून असलेले) सोडियम तपासून त्यानुसार जिप्सम द्यावे लागते. चोपण नसलेल्या काळ्या मातीत जिप्सम टाकून ती भुसभुशीत होत नाही, तरीही ते सरसकट सुचवले जाते.

गवत गोलाकार चट्ट्यांत सुकत असेल आणि हाताने ओढताच सतरंजी गुंडाळावी तसे उचलून येत असेल, तर खाली हुमणीच्या पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’ आकारात वळलेल्या अळ्या सापडतात. उसाच्या पट्ट्यात ही कीड परिचित आहे. वळवाच्या पावसानंतर भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब आणि बाभळीवर जमतात आणि नंतर जमिनीत अंडी घालतात. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून व मातीतून अळ्या थेट बागेतही येतात. लहान अळ्यांवर मेटारायझियम या बुरशीचा कंपोस्टमध्ये मिसळून केलेला वापर पावसाळ्याच्या सुरुवातीला, ओलावा असताना चांगला लागू पडतो. मे-जूनमध्ये झाडाच्या फांद्या रात्री हलवून पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात बुडवणे हा जुना उपाय आजही उपयोगी आहे.

लव्हाळा या तणाविषयी थोडक्यात सांगायचे तर तो मातीबरोबर गाठींच्या रूपाने येतो, वरून उपटल्यास गाठी खालीच राहतात आणि प्रत्येक गाठीतून नवे फुटवे येतात. लॉन बसवण्यापूर्वी माती चाळणे आणि पाणी देऊन उगवू देणे एवढाच खात्रीचा मार्ग आहे. नंतर वर्ष-दोन वर्षे गाठीसकट काढत राहावे लागते.

सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर अनेक आवारांत गाळाचा थर बसला. तो सुपीक असतो, या समजुतीने तसाच ठेवलेल्या ठिकाणी गवत गुदमरले. पुराचा गाळ अर्ध्या इंचाहून जाड असेल तर तो खरवडून काढावा, उरलेला पाण्याच्या फवाऱ्याने पानांवरून धुवावा आणि वाफसा येताच जमीन टोचून मोकळी करावी. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते, म्हणून हे काम हातमोजे आणि गमबूट घालूनच करावे आणि त्या वर्षी त्या मातीत पालेभाज्या घेऊ नयेत.

नवी माती घ्यावीच लागली तर

विकत मिळणारी माती म्हणजे शेताचा वरचा सुपीक थर असेल, असे गृहीत धरू नये. पुष्कळदा ती पाया, तळे किंवा रस्त्याच्या कामातून निघालेली खालची माती असते आणि तिच्यात सेंद्रिय कर्ब जवळजवळ नसतो. शक्य असल्यास माती जेथून उचलली जाणार आहे ती जागा पाहावी आणि तेथे सध्या काय उगवले आहे ते पाहावे. गाजरगवत, लव्हाळा किंवा पांढरे फटफटीत उजाड ठिगळ दिसले तर ती माती घेऊ नये.

पाटण, जावळी आणि महाबळेश्वरकडची तांबडी माती आम्लधर्मी आणि निचऱ्याची असते, म्हणून कुंड्यांत आणि गुलाबांसाठी ती लोकप्रिय आहे, पण तेथील जोरदार पावसाने तिच्यातील अन्नद्रव्ये धुऊन गेलेली असतात आणि कंपोस्टशिवाय ती लॉनला पुरी पडत नाही. नदीकाठचा पोयटा लॉनसाठी अधिक संतुलित असतो. तलावाचा गाळ पोषक पण अतिशय बारीक असतो. तो मिसळण्यासाठी वापरावा, थर देण्यासाठी नाही. कासच्या परिसरातील सड्यांवर (कातळी पठारांवर) मातीचा थर काही इंचांचाच असतो आणि त्यावरच तेथील दुर्मीळ वनस्पती जगतात. अशा ठिकाणची माती कोणी देऊ केली तरी ती नाकारावी, ही प्रत्येक बागप्रेमीची जबाबदारी आहे असे मला मनापासून वाटते. माती आणि मुरूम ही गौण खनिजे आहेत आणि त्यांच्या उत्खननाला व वाहतुकीला परवाना लागतो, म्हणून पुरवठादाराकडे वाहतूक पास मागावा. त्यातून माती कोठून आली हेही कळते.

ऊस शेतातील माती घेताना एक विशेष काळजी घ्यावी. उसात ॲट्राझिन आणि मेट्रिब्युझिन ही तणनाशके वापरली जातात आणि त्यांचा अंश काही महिने मातीत राहू शकतो. ऊस ते सहन करतो. काकडी, घेवडा, मेथी आणि कोवळी फुलझाडे करीत नाहीत. एका कुंडीत ही माती आणि दुसऱ्या कुंडीत आपल्या खात्रीची माती घेऊन दोन्हींत काकडी आणि मेथी पेरावी व तीन आठवडे वाट पाहावी. उगवण कमी झाली किंवा उगवलेल्या रोपांची पाने कडेने पिवळी पडून करपली तर माती घेऊ नये. हीच चाचणी क्षारांचा आणि कच्च्या खताचा दोषही दाखवते, त्यामुळे माती कोठलीही असली तरी ती करावीच.

पोत पाहण्यासाठी काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, उरलेले पाणी आणि चिमूटभर धुण्याची पावडर घालून जोराने हलवावे. वाळू मिनिटाभरात, गाळाचे कण दोन-तीन तासांत आणि चिकणमाती त्यानंतर हळूहळू बसते. तळापासून वरपर्यंत थरांची उंची मोजली की प्रमाण कळते. लॉनसाठी चिकणमाती साधारण एक चतुर्थांशाच्या आत असावी. पावडर न घालता केलेल्या दुसऱ्या बरणीतील पाणी दोन-तीन दिवस गढूळच राहिले तर चोपणपणाची शंका घ्यावी. चिकण माती सुधारण्यासाठी थोडी वाळू मिसळणे टाळावे, कारण वाळूचा परिणाम दिसण्यासाठी ती एकूण मिश्रणाच्या निम्म्याहून अधिक लागते आणि त्याहून कमी प्रमाणात मिश्रण अधिकच घट्ट होते. क्रश सँडमधील दगडाची भुकटी तर उरलेली छिद्रेही बुजवते.

प्रयोगशाळेत सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब या तीन तपासण्या तरी करून घ्याव्यात. कृषी विभागाच्या जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळेत, तसेच सातारा जिल्ह्यात बोरगाव आणि कालवडे, तर सांगली जिल्ह्यात कांचनपूर येथील कृषी विज्ञान केंद्रांत याबाबत चौकशी करता येते. ढिगाऱ्याच्या आठ-दहा ठिकाणांहून, आतील भागातूनही, माती घेऊन ती एकत्र मिसळावी आणि अर्धा किलो नमुना सावलीत वाळवून द्यावा. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांहून कमी असेल तर मातीपेक्षा कंपोस्टवर अधिक खर्च करावा.

मोजणी ब्रासने होते आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीची आतली लांबी, रुंदी आणि भरलेली उंची फुटांत मोजून गुणाकार करावा आणि शंभराने भागावे. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि पावणेदोन फूट भरलेली ट्रॉली एक ब्रासहून किंचित अधिक होते. एक हजार चौरस फुटांवर चार इंच मातीसाठी ३३३ घनफूट लागते आणि सैल माती बसल्यावर पाचव्या हिश्श्यापर्यंत खाली जाते, म्हणून चार ब्रास धरावी. एका ब्रासचे वजन साडेतीन ते चार टन होते, ओल्या मातीचे त्याहून अधिक. ट्रॉली लॉनच्या जागेवर आणू नये, रस्त्याकडेला रिकामी करून घमेल्यांनी माती आत न्यावी, नाहीतर ज्या घट्ट थराशी झगडायचे तोच पुन्हा तयार होतो.

माती मिसळण्याची रीत

हे काम फेब्रुवारी ते एप्रिल या काळात करावे. राडारोडा हाताने वेचून बाहेर काढावा. सिमेंटचा आणि चुन्याचा अंश मातीत राहिला तर सामू वर्षानुवर्षे चढलेला राहतो. जुनी जमीन हलके पाणी देऊन वाफशावर आणावी आणि सहा ते आठ इंच खोल टिकावाने किंवा काट्याने फोडावी, पण पीठ करू नये. ढेकळे सुपारीएवढी राहिली तरी चालतात. तिच्यावर दीड ते दोन इंच कुजलेले कंपोस्ट आणि नव्या मातीचा फक्त एक तृतीयांश भाग पसरून तो जुन्या मातीच्या वरच्या तीन-चार इंचांत मिसळावा. उरलेली माती त्यानंतर टाकावी. मधल्या मिश्र थरामुळे सीमारेषा नाहीशी होते, पाणी एका जागी अडत नाही आणि मुळांना वळावे लागत नाही. एवढे श्रम घेण्यास माळीकाम करणारे बहुधा तयार नसतात आणि माती पसरून मोकळे होतात, म्हणून मजुरी ठरवतानाच जमीन फोडणे आणि मिसळणे यांचा स्पष्ट उल्लेख करावा.

साखर कारखान्यांची मळी (प्रेसमड) आपल्या भागात सहज मिळते आणि ती उपयुक्तही आहे, पण ताजी मळी ढिगात तापते आणि मुळे भाजतात. थंड झालेली, मातीसारखा वास येणारी आणि हाताला चिकटत नसलेली मळीच वापरावी. स्पेंटवॉश (मद्यार्क कारखान्याचे सांडपाणी) मुरवून केलेले मळीचे कंपोस्ट क्षारांनी जड असू शकते, म्हणून त्याची विद्युत वाहकता विचारून घ्यावी. कच्चा भुसा, भाताचे तूस किंवा उसाचे चिपाड मातीत मिसळू नये, कारण ते कुजताना जिवाणू मातीतील नत्र ओढून घेतात आणि लॉन पहिल्याच महिन्यात फिकट पडते.

आंबा, चिक्कू अशा जुन्या झाडांच्या बुंध्याशी भर घालू नये. तीन-चार इंच भरही वरच्या मुळांची हवा तोडते आणि झाड वर्ष-दोन वर्षांनी वाळू लागते, तेव्हा कारण कोणाच्या लक्षात येत नाही. घराच्या भिंतीलगत मातीची पातळी जोत्याच्या किमान सहा इंच खाली ठेवावी, अन्यथा ओल आणि वाळवी दोन्ही भिंतीत शिरतात.

माती पसरल्यावर दोन-तीन वेळा पाणी देऊन ती बसू द्यावी, खचलेल्या जागा त्याच मातीने भराव्यात आणि पंधरा दिवस थांबून उगवलेले तण व लव्हाळा काढून टाकावा. त्यानंतर हलका रोलर एकदाच फिरवावा. पावलाचा ठसा अर्धा इंचापर्यंत उमटत असेल तर जमीन योग्य बसली आहे. गवताचे चौकोन नर्सरीतून कोणत्या मातीवर वाढून आले आहेत तेही पाहावे, कारण चिकण काळ्या मातीच्या जाड थरासह आलेला चौकोन तांबड्या मातीवर ठेवला की सर्वांत वरच पुन्हा एक सांधा तयार होतो. अशा वेळी चौकोनाखालची माती पाण्याने धुऊन मुळे उघडी करावीत आणि मगच तो बसवावा, किंवा सरळ गवताचे तुकडे चिमटीने तीन-चार इंचांवर लावावेत. चिमटीने लावलेले मेक्सिकन किंवा हरळीचे लॉन भरायला अधिक वेळ घेते, पण त्याची मुळे पहिल्यापासून खालच्या मातीत उतरतात.

पहिल्या पावसाळ्यात लॉनवर चालणे शक्य तितके टाळावे, कापणी दीड इंचाच्या खाली नेऊ नये आणि सलग पाऊस सुरू असताना नत्र देऊ नये. सप्टेंबरमध्ये एका कोपऱ्यात खुरप्याने सहा इंच खोल उघडून मुळे कोठपर्यंत गेली ते पाहावे. ती मिश्र थर ओलांडून जुन्या मातीत शिरलेली असतील तर पुढच्या मे महिन्यात ट्रॉली मागवण्याचे कारण उरणार नाही. ती अजूनही एका रेघेवर थांबलेली असतील तर ऑक्टोबरच्या वाफशावर पहारीची भोके त्याच रेघेखाली न्यावीत.